सिनेमा पुस्तकाला धरून आहे का? हा वाद नीट कसा घालायचा

ठाण्यात आमचा दहा-बारा जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी नौपाड्यात कुणाच्या तरी घरी आम्ही जमतो. कादंबरीवरून निघालेला सिनेमा असला, त्यातून ती अद्भुतकथा असली, की त्या दिवशी वाद पेटणार हे ठरलेलं. पेटायला माझी हरकत नाही. ज्याचा पुस्तकावर जीव आहे त्याला पडद्यावर काहीतरी वेगळं दिसलं की राग येणारच. पण तीन-तीन तास तावातावाने बोलून माणसं जिथून निघाली तिथेच परत पोचतात, तेव्हा फार हळहळ वाटते. चुका दर वेळी त्याच होतात, आणि बहुतेक चुका बैठक सुरू व्हायच्या आधीच झालेल्या असतात.

उदाहरणासाठी पुढे सगळीकडे एकच जोडी घेतली आहे: टॉल्किन यांची १९५४-५५ साली आलेली कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', आणि पीटर जॅक्सन यांचे २००१, २००२ आणि २००३ साली आलेले तीन सिनेमे. तुमच्या गटात दुसरी जोडी असेल तरी पायऱ्या याच. कथेचा शेवट पुढे उघड होतो, तेव्हा वाचायची राहिली असेल तर आधी ती वाचा. निदान एवढं लक्षात असू द्या: फ्रोडो नावाचा हॉबिट (माणसांहून बुटक्या जमातीतला) आणि त्याचा सोबती सॅम एक घातक अंगठी नष्ट करायला निघतात; मेरी आणि पिपिन हे त्यांचे हॉबिट मित्र, गँडाल्फ हा जादूगार आणि ॲरागॉर्न हा योद्धा त्यांच्या बाजूचे.

टप्पा १: कोणतं पुस्तक आणि कोणता सिनेमा, ते कागदावर लिहा

ही पायरी सगळ्यांना फालतू वाटते, म्हणून ती सगळेच गाळतात. आमच्याकडे एका रविवारी पाऊण तास यातच गेला. कोपरीचे एक काका दुष्ट जादूगार सारुमानबद्दल म्हणत होते, "सारुमान मनोऱ्यावरून पडून मरतो, हे पुस्तकात कुठेही नाही. सिनेमावाल्यांनी घुसडलंय." ऐरोलीहून येणारी एक मुलगी म्हणाली, "काका, तिसऱ्या सिनेमात सारुमान दिसतच नाही हो. मरेल कुठून?" काकांना वाटलं, हिने सिनेमा नीट बघितला नाही. तिला वाटलं, काका दुसऱ्याच सिनेमाबद्दल बोलतायत. आवाज चढले. शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही कुठली आवृत्ती बघितलीत?"

"अगं, घरी डीव्हीडी आहे ना. लांबवाली."

दोघांचंही बरोबर होतं. २००३ साली थिएटरात लागलेल्या सिनेमात सारुमान नाही. नंतर आलेल्या विस्तारित आवृत्तीत तो मनोऱ्यावर मारला जातो. आणि पुस्तकात तो मरतो तिसरीकडेच, अगदी शेवटी, हॉबिटांच्या गावात. तीन जागी तीन गोष्टी आहेत आणि आम्ही दोनच समजून भांडत होतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा.

१. पुस्तक मूळ इंग्रजी की मराठी अनुवाद.

२. दाखला कसा द्यायचा. पानाचा नंबर चालत नाही, कारण प्रत्येकाच्या प्रतीत पानं वेगळी. खंड आणि प्रकरण सांगा. ही कादंबरी तीन ग्रंथांत छापली जाते, पण आत सहा खंड आहेत आणि प्रकरणं ६२. प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसतं "पाचवं प्रकरण" म्हणून भागत नाही. "खंड ४, प्रकरण ५" असं म्हणायचं.

३. सिनेमा थिएटरातला की विस्तारित. थिएटरातले तिन्ही भाग मिळून ५५८ मिनिटांचे आहेत; विस्तारित तिन्ही मिळून अकरा तासांच्या वर जातात. दोन तासांचा फरक म्हणजे जवळजवळ आणखी एक सिनेमा.

४. प्रसंग कसा शोधायचा. डिस्क आणि ओटीटी यांची मिनिटं जुळतीलच असं नाही, म्हणून मिनिटासोबत त्या प्रसंगातलं पहिलं वाक्य लिहा.

*तपासा:* बैठकीच्या आठवडाभर आधी या चार ओळी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर गेल्या का? आणि प्रत्येकाने उत्तर दिलं का? नुसता अंगठा दाखवला म्हणजे उत्तर नव्हे.

टप्पा २: प्रश्न लहान करा

"सिनेमा पुस्तकाला धरून आहे का?" हा प्रश्न ६२ प्रकरणांना आणि सव्वानऊ तासांना पुरणारा नाही. त्यावर "आहे" म्हणणाऱ्याला पन्नास दाखले सापडतात, "नाही" म्हणणाऱ्यालाही पन्नास सापडतात. एका बैठकीला एक पात्र घ्या, नाहीतर एक प्रसंग. माझा अनुभव असा की एका प्रसंगावर दोन तास कमी पडतात.

दुसरं म्हणजे, "धरून" म्हणजे कशाला धरून? चार गोष्टी असू शकतात: घटना, पात्राचा स्वभाव, गोष्टीची मांडणी आणि गोष्टीचा सूर. चारही एकदम धरल्या की बोलणारे एकमेकांना चुकवत राहतात. एक म्हणतो घटना बदलली, दुसरा उत्तर देतो की सूर तर तोच आहे. दोघंही खरे, आणि संवाद शून्य.

मांडणीचंच बघा. दुसऱ्या ग्रंथात टॉल्किन आधी अख्खा तिसरा खंड ॲरागॉर्न आणि मंडळींचा सांगतात, मग अख्खा चौथा खंड फ्रोडो आणि सॅमचा. वाचताना कितीतरी पानं फ्रोडोचं काय झालं हे कळत नाही. सिनेमा दोन्ही धागे आलटून पालटून दाखवतो. घटना जवळपास त्याच, पण वाचकाला जी काळजी लागून राहते ती प्रेक्षकाला लागत नाही. "घटनांना धरून" विचारलंत तर हा बदल यादीत येणारच नाही. "मांडणीला धरून" विचारलंत तर तो पहिल्या नंबरावर येईल.

प्रश्न कसा असावा? "फॅरामिरचा स्वभाव सिनेमात बदलला का?" हा चांगला प्रश्न (फॅरामिर म्हणजे फ्रोडोला वाटेत अडवणारा गोंडोर राज्याचा सरदार). "जॅक्सनने वाट लावली का?" हा प्रश्नच नव्हे.

टप्पा ३: आधी पुस्तक, मग सिनेमा

"मी पूर्वी वाचलंय" हे वाक्य आमच्या गटात आता चालत नाही. दहा वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक आणि चार वेळा पाहिलेला सिनेमा डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेले असतात. माणूस छातीठोकपणे "पुस्तकात असंच आहे" म्हणतो आणि ते सिनेमातलं निघतं. मी स्वतः बरीच वर्षं समजत होते की मदतीला बोलावणाऱ्या खुणेचे दिवे पिपिन पेटवतो, आणि तेही गोंडोरचा कारभारी डेनेथोर याच्या मनाविरुद्ध. पुस्तकात, खंड ५ च्या पहिल्याच प्रकरणात, गँडाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जात असतानाच ते दिवे पेटलेले दिसतात. ते डेनेथोरच्याच हुकमाने पेटलेले आहेत.

म्हणून निवडलेल्या प्रसंगाची प्रकरणं पुन्हा वाचा. सगळं पुस्तक नको. त्या प्रसंगाचं एक प्रकरण, त्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक. प्रत घरी नसेल तर वाचनालयातून आणा, पण आणाच. सिनेमा त्यानंतर पाहा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. उलट क्रमाने गेलात तर नटाचा चेहरा आणि आवाज घेऊनच पानं वाचाल, आणि पानावर नसलेला भाव तिथे दिसू लागेल.

वहीत चार रकाने आखा: पुस्तकात काय, सिनेमात काय, बदल कोणता, या बदलामुळे पुढे काय. चौथा रकाना सुरुवातीला मोकळाच राहतो. राहू द्या.

फॅरामिरची ओळ माझ्या वहीत अशी आहे.

पुस्तक, खंड ४, प्रकरण ५. धबधब्यामागची गुहा. फॅरामिरला अजून माहीत नाही की फ्रोडोजवळ नेमकं काय आहे. तरी तो आधीच बोलून जातो की असली वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. मग सॅमच्या तोंडून अंगठीचं गुपित निसटतं. फॅरामिर उठून उभा राहतो, उंच आणि कठोर, डोळ्यांत चमक. दोघे हॉबिट भिंतीला पाठ लावतात. आणि मग तो खाली बसतो, हलकेच हसतो, गंभीर होतो. म्हणतो की वस्तू कोणती ते माहीत नसताना बोललो असलो, तरी ते बोलणं मी शपथ मानतो.

सिनेमा, दुसरा भाग. गुपित गॉलमच्या, म्हणजे अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या तिच्या जुन्या मालकाच्या, पुटपुटण्यातून कळतं. फॅरामिर तलवारीच्या टोकाने फ्रोडोच्या गळ्यातली अंगठी उचलून बघतो. अंगठी गोंडोरला जाईल असं ठरवतो आणि दोघांना ऑस्गिलियाथ या पडक्या शहरापर्यंत नेतो. तिथे मन पालटून सोडून देतो.

ही ओळ लिहिताना माझं स्वतःचं मत सरकलं. मी नेहमी म्हणायचे, पुस्तकातल्या फॅरामिरला मोह होतच नाही. पण त्या उभं राहण्यात काहीतरी आहे. टॉल्किन एका क्षणापुरतं वाचकाला घाबरवतात. पुस्तकातला फॅरामिर आधी दिलेल्या शब्दाने बांधला जातो, आणि ती बांधणी मला आता "मोह नाही" यापेक्षा फार मोठी वाटते. पुन्हा वाचल्याशिवाय हे हाती लागलं नसतं.

*इशारा:* दिसण्यावरून निकाल देऊ नका. "फ्रोडो इतका कोवळा कसा? तो तर पन्नाशीचा!" हे आमच्याकडे हमखास ऐकू येतं. निघताना तो पन्नासचा आहे हे खरं. पण अंगठीमुळे तो दिसायला मात्र नुकता वयात आलेला, तेहतिशीचा हॉबिटच राहिला आहे, हेही पुस्तकातच लिहिलं आहे. हॉबिट तेहतिसाव्या वर्षी वयात येतात. आक्षेप घ्यायचाच तर पोक्तपणावर घ्या, चेहऱ्यावर नको.

टप्पा ४: बदल कोणत्या जातीचा, ते ठरवा

तिसरा रकाना भरताना "बदललं" असं मोघम लिहू नका. पाच शब्द ठेवा: गाळलं, जोडलं, हलवलं, दुसऱ्याला दिलं, उलटवलं.

गाळलं म्हणजे वाटेत हॉबिटांना मदत करणारा टॉम बॉम्बाडिल. जोडलं म्हणजे हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईला एल्फांची (अमर लोकांची) फौज येते ते. हे दोन कुणालाही ओळखता येतात आणि सगळा वाद यांच्यावरच होतो. खरी गंमत हलवलेल्यात आहे. फ्रोडोला सांभाळणाऱ्या बिल्बोने गॉलमवर दया केली, त्याबद्दल गँडाल्फ फ्रोडोशी बोलतो तो संवाद पुस्तकात घरच्या शेकोटीजवळ, खंड १ च्या दुसऱ्या प्रकरणात होतो. सिनेमात तो मोरियाच्या खाणींच्या अंधारात होतो, जिथे गॉलम खरोखरच मागावर आहे. सॅम गोष्टींबद्दल बोलतो ते पुस्तकात जिन्यांच्या वाटेवर, खंड ४ च्या आठव्या प्रकरणात; सिनेमात ते ऑस्गिलियाथच्या पडझडीत येतं. "हे पुस्तकात नाही" म्हणायच्या आधी दुसऱ्या कुठल्या प्रकरणात आहे का ते बघा.

दुसऱ्याला दिलं याचं सुंदर उदाहरण तिसऱ्या सिनेमात आहे. वेढ्यात सापडलेल्या पिपिनला गँडाल्फ मरणापलीकडच्या पांढऱ्या किनाऱ्याबद्दल सांगतो. ते शब्द पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातल्या निवेदनातले आहेत, फ्रोडोच्या समुद्रप्रवासाचे. शब्द टॉल्किन यांचेच. पण पुस्तकात ते मृत्यूबद्दल नाहीत, पडद्यावर झाले. याला इमान म्हणायचं की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही आणि मला ते होऊ नये असंच वाटतं.

उलटवलं हा शब्द जपून वापरा. पात्राने पुस्तकात जे केलं त्याच्या नेमकं विरुद्ध सिनेमात केलं तरच. शंका असेल तर "हलवलं" लिहा.

टप्पा ५: धागा शेवटपर्यंत ओढा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक माणसं इथे पोचेपर्यंत थकलेली असतात. वेळ इथे द्या. एक बदल घ्या आणि तो पुढे कुठे-कुठे जाऊन लागतो ते बघा. मोकळा ठेवलेला चौथा रकाना इथे भरतो.

टॉम बॉम्बाडिल गाळला याबद्दल हळहळणारे पुष्कळ. "गाणी म्हणत हिंडणारा म्हातारा, त्याच्यावाचून काय अडलं?" असं म्हणणारेही पुष्कळ. दोन्ही बाजू इथेच थांबतात. आता धागा ओढा.

बॉम्बाडिलच्या घरून निघाल्यावर चारही हॉबिट टेकड्यांवरच्या जुन्या थडग्यांत अडकतात (खंड १, प्रकरण ८). बॉम्बाडिल त्यांना सोडवतो आणि त्या थडग्यातल्या ठेव्यातून प्रत्येकाला एक-एक खंजीर देतो. हे खंजीर फार पूर्वी उत्तरेकडच्या माणसांनी घडवले, आंगमारच्या राजाशी लढताना. तो राजा म्हणजेच नाझगुलांचा, अंगठीच्या मागावरच्या नऊ काळ्या स्वारांचा, सरदार. पुढे कितीतरी प्रकरणं निघून जातात. वाचक विसरून जातो. मग खंड ५, प्रकरण ६: रणांगणावर राजाची भाची इओविन त्या सरदारासमोर उभी आहे आणि मेरी मागून त्याच्या गुडघ्यात हा खंजीर खुपसतो. निवेदक तिथे थांबून सांगतो की दुसऱ्या कुठल्या पात्याने, त्याहून बळकट हातांनी मारलं असतं तरी, इतकी जिव्हारी जखम झाली नसती. ज्या कारागिराने ते शेकडो वर्षांपूर्वी घडवलं त्याचं काम त्या दिवशी पुरं होतं.

सिनेमात बॉम्बाडिल नाही, म्हणून थडगी नाहीत. म्हणून वेदरटॉप टेकडीवर ॲरागॉर्न हॉबिटांच्या हातात तलवारी देतो, कुठल्या ते सांगत नाही. शेवटी मेरी वार करतो. तो वार का लागला?

इथे एक प्रयोग करा. गटात ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांना हा प्रश्न विचारा. आमच्याकडे दोघांनी सांगितलं, "मागून मारला म्हणून." तिसरी म्हणाली, "तो माणूस नाही, हॉबिट आहे म्हणून." वाईट उत्तरं नाहीत. सिनेमात जेवढं आहे त्यातून हेच निघतं. मेरीचं धाडस पडद्यावर शाबूत आहे, इओविनही. गेला तो त्या धाडसामागे उभा असलेला विसरलेला कारागीर. आता "बॉम्बाडिल गाळला ते चाललं का?" हा प्रश्न पुन्हा विचारा आणि बघा चर्चा किती वेगळी होते.

न वाचलेल्या माणसाला गप्प बसवणं ही फार मोठी चूक. सिनेमा स्वतःच्या पायावर उभा आहे की नाही, हे फक्त तोच सांगू शकतो. त्याला आधी बोलू द्या, कुणी मध्ये समजावून सांगायच्या आत.

दुसरा धागा, थोडक्यात. नदीच्या उतारावर ग्लॉरफिंडेल या एल्फ योद्ध्याच्या जागी आर्वेन ही एल्फ स्त्री येते. सगळा वाद या दोन नावांवर होतो: बाई आणली, एल्फ बदलला. पण खंड १ च्या शेवटच्या प्रकरणात नदी ओलांडताना घोड्यावर फ्रोडो एकटा आहे. जखमी, अर्धमेला. पलीकडच्या काठावर वळून तो तलवार उगारतो आणि नऊ स्वारांना परत जा म्हणतो. सिनेमात तो आर्वेनच्या पुढ्यात शुद्ध हरपत चाललेला आहे आणि आव्हान ती देते. ग्लॉरफिंडेल गेल्याचं मला काही वाटत नाही. फ्रोडोची ती तलवार गेली, त्याचं वाटतं.

*तपासा:* चौथ्या रकान्यात निदान एक तरी प्रकरण नाहीतर प्रसंग नाव घेऊन लिहिलाय का? "परिणाम कमी झाला" असं लिहिलं असेल तर धागा ओढलेला नाही.

टप्पा ६: समोरच्याची बाजू आधी तुम्ही मांडा

टीका करायच्या आधी, हा बदल करणाऱ्यांपुढे अडचण काय होती ते स्वतःच्या तोंडाने सांगा. फॅरामिरच्या बाबतीत पटकथाकारांनी त्यांची कारणं सांगितलेली आहेत. दोन सिनेमे अंगठीची भीती घातल्यावर एकाने सहज "नको" म्हटलं तर ती भीतीच ओसरते, हे एक. शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात गेल्यामुळे दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडो आणि सॅमला मोठं संकट उरलं नाही, हे दुसरं. कारण पटलं पाहिजे असं नाही. पण ते न सांगता केलेली टीका ऐकणाऱ्याला अर्धीच वाटते.

आणि लेखकाला काय चाललं असतं, याबद्दल अंदाज बांधू नका. १९५८ साली टॉल्किन यांच्याकडे एक पटकथा आली होती; तिच्यावर त्यांनी लांबलचक आक्षेप लिहिले. त्यात एक जागा अशी की एंटांची (चालत्या-बोलत्या झाडांसारख्या जीवांची) गोष्ट आणि हेल्म्स डीपची लढाई, दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल तर लढाई काढा, कारण मुख्य गोष्टीच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे. २००२ च्या सिनेमात सगळ्यात जास्त लक्षात राहते ती हीच लढाई. म्हणजे लेखकाला काटछाटीचं वावडं नव्हतं. काय राखायचं याचा क्रम त्यांचा वेगळा होता. "टॉल्किनना हे कधीच आवडलं नसतं" असं म्हणण्याऐवजी हा क्रम समोर ठेवा.

टप्पा ७: प्रत्यक्ष बैठक

जागा घरातली घ्या. एकदा हौसेने तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो; संध्याकाळच्या गर्दीत आणि हॉर्नमध्ये तिसऱ्या माणसापुढे आवाज पोचेना, आणि पुस्तक उघडून दाखवायला उजेडही नव्हता. घोडबंदरच्या बाजूचे, नेरूळ-वाशीचे आणि कळव्याचे लोक असतील तर स्टेशनापासून चालत पोचता येईल असं घर बरं. रविवार म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. ट्रान्स-हार्बर मार्गावर ब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा आणि बैठक संध्याकाळी पाचनंतर ठेवा. अर्धी माणसं तासभर उशिरा आली की पहिली फेरी पुन्हा घ्यावी लागते, आणि दुसऱ्यांदा कुणी मनापासून बोलत नाही.

फेऱ्या तीन.

पहिली फेरी फक्त नोंदींची. प्रत्येकाने वहीतली एक ओळ वाचायची: पुस्तकात हे, सिनेमात हे. मत नाही. "दुर्दैवाने" हा शब्दसुद्धा नाही. पुस्तकाची प्रत टेबलावर उघडी असली पाहिजे. शंका आली की तिथल्या तिथे प्रकरण काढून वाचायचं. न वाचलेले लोक या फेरीच्या आधी बोलतात, वर सांगितलं त्या कारणाने.

दुसरी फेरी धाग्यांची. इथे वेळ मोजू नका.

मग चहा. हा खरंच नियम म्हणून पाळा. धागे ओढून झाले की माणसं तापलेली असतात आणि ताबडतोब निकाल मागतात. पंधरा मिनिटं उठून गॅलरीत उभं राहिलं की निम्मे जण मत थोडं बदलून परत येतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की चहा आधी द्यायला मी आता ठाम नकार देते.

तिसरी फेरी निकालाची. प्रत्येकाने दोन वाक्यं सांगायची: "अमुक बाबतीत धरून आहे, अमुक बाबतीत नाही." नुसतं "आवडला" किंवा "नाही आवडला" चालणार नाही. सिनेमा पुस्तकाला अजिबात धरून नसूनही फार आवडू शकतो, आणि ते सांगायला कुणाला संकोच वाटता कामा नये.

*इशारा:* "तू खरा चाहता नाहीस" हे वाक्य आलं की ती फेरी तिथेच थांबवा. ज्याला उद्देशून म्हटलं तो पुढच्या महिन्यात येत नाही. आमच्याकडचा एक मुलगा असा कायमचा तुटला. सिनेमा बघून पुस्तकाकडे वळलेला होता, पाचव्या खंडापर्यंत पोचला होता.

टप्पा ८: निकाल त्याच रात्री लिहा

घरी जायच्या आधी एकाने पाच-सहा ओळी लिहून सगळ्यांना वाचून दाखवायच्या. मतं मोजायची नाहीत. कोणत्या बाबतीत काय पटलं ते लिहायचं. न सुटलेला प्रश्न वेगळा लिहायचा आणि त्यासमोर वाचायची प्रकरणं घालायची, म्हणजे पुढच्या वेळी पहिला टप्पा अर्धा झालेला असतो. फॅरामिरच्या बैठकीनंतरची आमची नोंद ही:

"प्रश्न: फॅरामिरचा स्वभाव बदलला का. पुस्तक: मूळ इंग्रजी, खंड ४, प्रकरण ४ ते ६. सिनेमा: दुसरा भाग, थिएटरातला. घटना: जोडलं (ऑस्गिलियाथ). स्वभाव: उलटवलं की हलवलं, यावर एकमत नाही. जे पुस्तकात एका क्षणात होतं त्याला सिनेमात तासभर लागतो, एवढं सगळ्यांना मान्य. दिलेल्या शब्दाची शपथ सिनेमात नाही, हेही मान्य. न वाचलेल्या तिघांनाही फॅरामिर शेवटी चांगलाच माणूस वाटला. उरलेला प्रश्न: जिन्यावर फ्रोडो सॅमला परत पाठवतो, ते पुस्तकात नाही, मग गुहेत शिरण्याची भीती पुस्तकात कुठून येते? वाचायची प्रकरणं: खंड ४, ८ ते १०. चहा ऐरोलीकडे. ब्लॉक बघणे."